बासष्ट तास

सोमवारी सकाळी आठ वाजता मी प्रयोगशाळेचं दार उघडलं, तेव्हा आतले सगळे दिवे बंद असायला हवे होते. पण खोलीच्या मध्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. चौथ्या कपाटाचा.

आमच्याकडे अशी आठ कपाटं आहेत. दिसायला फ्रिजसारखी, काम नेमकं उलटं. आतली हवा तापवून ठेवायची. प्रत्येक कपाटात मोबाईलच्या बारा बॅटऱ्या तारांना जोडलेल्या असतात. यंत्र त्या भरतं, रिकाम्या करतं, पुन्हा भरतं. एकदा भरणं आणि एकदा रिकामं होणं म्हणजे एक फेरी. अशा पाचशे फेऱ्या झाल्या की दोन वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी कशी असेल ते कळतं. नवा फोन बाजारात आणायच्या आधी दोन वर्षं थांबायला कोणाला वेळ नसतो, म्हणून आमच्या नोकऱ्या आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला सगळी कपाटं बंद करायची आणि सोमवारी सकाळी आठला सुरू करायची, असा नियम होता. नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमचे प्रयोगशाळाप्रमुख. शाळेशी त्यांचा काही संबंध नाही, पण साधा स्क्रू कसा फिरवायचा हेही पहिल्यापासून समजावून सांगायची खोड, त्यामुळे ते नाव पडलं आणि आता संचालक मॅडमही त्यांना मास्तरच म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी या मजल्यावर एका बॅटरीने पेट घेतला होता. आसपास कोणी नव्हतं. अर्धा मजला जळाला. तेव्हापासून मास्तरांचं एकच म्हणणं: जवळ माणूस नाही, तर चार्जिंग नाही.

त्या शुक्रवारी कपाटं बंद करायची पाळी माझी होती.

मी सात बंद केली होती. चौथ्यासमोर जाहिरातवाल्यांच्या दिव्यांचे स्टँड उभे होते. दुपारपासून त्यांचं फोटो काढणं चाललं होतं. नव्या फोनचे, आमच्या यंत्रांचे, आणि थोडे माझेही. 'जरा हसा, तुम्ही शास्त्रज्ञ आहात' असं तो छायाचित्रकार मला तीनदा म्हणाला होता. फोटोखाली काय छापायचं तेही ठरलेलं होतं: अठरा मिनिटांत दिवसभर. म्हणजे अठरा मिनिटं चार्जिंग केलं की फोन दिवसभर चालेल. ते लोक सामान आवरत असताना मी सात बटणं दाबली आणि घरी गेले.

आता मी चौथ्या कपाटाच्या पडद्यावरचा आकडा पाहिला. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या कपाटांच्या तीनशे बावन्न फेऱ्या झाल्या होत्या. चौथ्यावर आकडा होता चारशे तीन. बासष्ट तास, एक्कावन्न फेऱ्या, आणि खोलीत कोणीही नाही. मी यंत्र थांबवलं, दार उघडलं आणि धुराचा वास येतोय का ते पाहिलं. येत नव्हता. सगळ्या बॅटऱ्या जागच्या जागी होत्या.

पण तीन बॅटऱ्या जागेत मावत नव्हत्या.

मायक्रोमीटरने त्यांची जाडी मोजली. आमच्या मापदंडानुसार दोन वर्षांत बॅटरी आठ टक्क्यांपर्यंत जाड झाली तर चालतं. पहिली अकरा टक्के, दुसरी बारा, तिसरी साडेअकरा. उरलेल्या नऊ सहा ते सातच्या दरम्यान. इतर सात कपाटांमधल्या चौऱ्याऐंशी बॅटऱ्यांमध्ये अडीच टक्क्यांच्या वर एकही नव्हती. मी हात पुसून पुन्हा मोजल्या. मग दुसरा मायक्रोमीटर आणून तिसऱ्यांदा मोजल्या. आकडे तेच आले.

फुगलेली बॅटरी फोनची काच आतून ढकलते. कधी नुसती काच उचलली जाते. कधी त्याहून वाईट होतं.

फोन बाजारात यायला सोळा दिवस उरले होते.

*

सोळा दिवस म्हणजे आमच्यासाठी काय होतं, हे कळायला आमच्या खिडकीतून बाहेर बघावं लागतं. समोर निळ्या काचांची अकरा मजली इमारत आहे. ती पलीकडच्यांची. म्हणजे आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीची. तिचं नाव आमच्या मजल्यावर कोणी घेत नाही. पूर्वी तिथे आमचं पार्किंग होतं. बटणांचे फोन होते त्या काळात रस्त्याने जाणाऱ्या दर दोन माणसांपैकी एकाच्या खिशात आमचा फोन असायचा आणि एवढं मोठं पार्किंगही पुरायचं नाही. मग बटणं गेली, काच आली. आमचे मोठे लोक म्हणाले, काचेवर कोण टाईप करणार? पलीकडचे तेव्हा कुठल्याशा गोदामाच्या वरच्या मजल्यावर चाळीस माणसांनिशी बसायचे. सहा वर्षांनी त्यांनी आमचं पार्किंग विकत घेतलं.

या मजल्यावर तेव्हा चाळीस माणसं होती, तीन पाळ्यांत, आठवड्याचे सातही दिवस. तीन वेळा कपात झाली. आता आम्ही सहाजण आहोत. मास्तर, मी, तिघे तंत्रज्ञ आणि कायम रात्रपाळी करणारा एक माणूस, ज्याला सगळे प्रेमाने घुबड म्हणतात. मॅडमनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं: अठरा मिनिटांचा फोन चालला, तर हा मजला राहील. नाहीतर बॅटऱ्यांची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेऊ. पलीकडच्यांचा नवा फोन चार्ज व्हायला पंचवीस मिनिटं लागत होती. सात मिनिटांनी का होईना, आम्ही बऱ्याच वर्षांनी पुढे होतो.

दहाला मास्तर आले. मी सगळं सांगितलं. तीन बॅटऱ्या टेबलावर कापडावर ठेवल्या होत्या. त्यांनी आधी बॅटऱ्यांकडे पाहिलंच नाही.

"बासष्ट तास?"

"हो."

"कोणी नव्हतं?"

"नाही मास्तर."

"अगं, त्या वेळी जी आग लागली ना, ती विझवायला गेला त्या मुलाचे दोन्ही हात मी बादलीत धरून बसलो होतो. तुला किती वेळा सांगितलं ते!" ते ओरडले नाहीत, पण त्यांचा आवाज चिरकला. "आठ बटणं आहेत. आठ मोजता येत नाहीत तुला? फिजिक्समध्ये पहिली आली होतीस ना?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता ते मला काढून टाकतील, आणि तेही बरोबरच होईल.

मग त्यांनी बॅटऱ्या हातात घेतल्या. अंगठ्याने दाबून पाहिल्या.

"नियमाबाहेर चाललेली चाचणी बाद धरायची," शेवटी ते म्हणाले. "या बाराही बॅटऱ्या फेकून द्यायच्या डब्यात टाक. अहवालात लिही, चौथं कपाट हाताळणीतील चुकीमुळे वगळलं."

"आणि त्या फुगल्या, त्याचं काय?"

"बाद चाचणीचे निकाल लिहीत नाहीत. एवढं तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. त्यात खोटं काही नव्हतं. चूक माझीच होती. वाक्यही खरं होतं. फक्त ते लिहिल्यावर त्या तीन बॅटऱ्या कुठेच उरणार नव्हत्या.

मी त्या डब्यात टाकल्या नाहीत. मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या.

*

दुपारी मी इतर सात कपाटांचे आलेख उघडले. प्रत्येक फेरीला बॅटरी किती साठवते त्याची रेघ असते आणि ती हळूहळू खाली येते. पण आमची रेघ सरळ खाली यायची नाही. दर सोमवारी ती किंचित वर जायची, मग पुन्हा उतरायची. करवतीच्या दातांसारखी. या दातांना आमच्याकडे 'सोमवारची उडी' म्हणत. मी नोकरीला लागले तेव्हा विचारलं होतं, तर तंत्रज्ञ म्हणाला होता, "दोन दिवस कपाट थंड असतं, त्याचं आहे ते. बॅटऱ्यासुद्धा सोमवारी ताज्या होऊन येतात. आपणच काय ते आंबलेले." सगळे हसले होते. मीही हसले होते.

आता मी जुन्या फोनच्या बॅटऱ्यांचे आलेख काढून शेजारी ठेवले. सावकाश, दीड तासात चार्ज होणारे ते फोन. त्यांच्यात उडी जेमतेम दिसत होती. अठरा मिनिटांवाल्यात ती चौपट होती.

हे असं का होतं ते सांगते. बॅटरी भरते तेव्हा लिथियमचे कण एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या कार्बनच्या थरांत शिरतात. सावकाश आले तर एकेकाला जागा मिळते. घाईने ढकलले तर दारातच गर्दी होते, आणि ते बाहेरच धातू होऊन साचतात. असं साचत गेलं की बॅटरी बिघडते, आत वायू होतो, ती फुगते. पण मधे पुरेसा वेळ दिला, तर दारातले बरेचसे कण आपणहून आत जातात.

दर आठवड्याला आम्ही त्यांना बासष्ट तास देत होतो.

फोन विकत घेणारा देत नाही. तो रोज चार्ज करतो, घाईची सवय लागली की दिवसातून दोनदा करतो. आठवड्याचे सातही दिवस माणसं होती तेव्हा ही कपाटंसुद्धा कधी बंद व्हायची नाहीत. दुसऱ्या कपातीत शनिवार-रविवारची माणसं गेली. जवळ माणूस नाही, तर चार्जिंग नाही. म्हणून कपाटंही थांबली. कागदावर मात्र पाचशे फेऱ्या पाचशेच राहिल्या.

*

संध्याकाळी ताईकडे जेवायला गेले. माझी ही सख्खी मोठी बहीण. तिचा नवरा पलीकडच्यांकडे विक्री विभागात आहे. पूर्वी तो आमच्याकडे होता. पहिल्याच कपातीत गेला. भावोजींचं म्हणणं असं, की आज त्यांचं टेबल आहे नेमक्या त्या जागी ते अकरा वर्षं स्कूटर लावायचे. त्यांनी म्हणे मोजून पाहिलं आहे.

"या, या, अठरा मिनिटं!" त्यांनी दार उघडलं. "बसा. की बसेपर्यंत चार्ज झालात?"

"अहो, तिला आत तरी येऊ द्या," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"येऊ देतो की. आता काय, आम्ही मागे पडलो. पंचवीस मिनिटं! आमचे साहेब सकाळी सगळ्यांवर डाफरत होते. तुमच्या जाहिरातीचा फोटो कुठून तरी आधीच आलाय आमच्याकडे. त्यात तू दिसतेस. हसतेयस पण अशी, की दाढ दुखतेय."

मी हसले नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं. "काय गं, बरं नाही का?"

"नाही गं, दमलेय."

जेवताना भावोजींची गाडी थांबेना. "तुम्ही सहाजणांनी केलंत म्हणे. आमच्याकडे तपासणीला दीडशे माणसं आहेत, कपाटं कधी बंदच होत नाहीत, रविवारीसुद्धा नाहीत. आणि गंमत सांगू? मागच्या थंडीत आमचंही अठराच ठरलं होतं. खोकी छापून झाली होती. एक दिवस अचानक वरून आलं, पंचवीस लिहा. का, ते आम्हाला कोण सांगणार? आम्ही आपले विकणारे. सगळी खोकी..."

ते बोलता बोलता थांबले. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे.

"काय झालं?"

"काही नाही."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. इतकी वर्षं याच उद्योगात काढलेला माणूस तो. "हे बघ," ते अगदी हळू म्हणाले, "मी काही बोललो नाही आणि तू काही विचारलं नाहीस."

"मी काहीच विचारलं नाही, भावोजी."

"मग झालं तर."

ताई म्हणाली, "तुमचं ते फोनपुराण पुरे आता. दोघांच्याही कंपन्यांना म्हणावं, एक दिवस गप्प बसा." त्यानंतर आम्ही तिच्या घरमालकाबद्दल बोललो.

भावोजींचं ते बोलणं अहवालात घालणं शक्य नव्हतं आणि मला घालायचंही नव्हतं. ते ऐकून माझी खात्री पटली, एवढंच. खात्री नसती तर बरं झालं असतं, असं घरी जाताना वाटत राहिलं.

*

मंगळवारी मी मास्तरांसमोर दोन कागद ठेवले. दोन्ही अहवालच होते. एकात चौथं कपाट वगळलेलं. दुसऱ्यात ते होतं. माझी चूक, बासष्ट तास, तिन्ही जाड्या आणि सोमवारच्या उडीचे आलेख, सगळं.

मास्तरांनी आलेख पाहिले. मला वाटलं, आता समजावून सांगतील. पण ते म्हणाले, "तुला माहीत आहे, हा दुसरा कागद वर गेला तर काय होईल?"

"हो."

"नाही, नीट ऐक. मला निवृत्तीला आठ महिने आहेत, माझं सोड. घुबडाला दिवसा नोकरी जमणार नाही, त्याची आई अंथरुणाला खिळलीय, दिवसा तो तिच्याजवळ असतो. त्या तिघांना या कपाटांशिवाय दुसरं काही येत नाही. आणि समोरचे आपल्याकडची माणसं आता घेत नाहीत. तुझ्या भावोजींच्या वेळी घ्यायचे."

"मास्तर, बॅटऱ्या फुगल्यात."

"एका वेळी बारा बॅटऱ्या. एकदाच. तेही नियमाबाहेर. याला तू पुरावा म्हणतेस?"

"नाही म्हणत. शंका म्हणते."

"शंकेवर चाळीस हजार फोन थांबवायचे?"

मी म्हटलं, "उघडून बघू या."

बॅटरी उघडायची तर ती काचेच्या बंद पेटीत, आत हवेऐवजी दुसरा वायू भरून, पेटीला लावलेल्या जाड रबरी मोज्यांमधून हात घालून उघडावी लागते. मास्तरांनी स्वतः हात घातले. आधी पाचव्या कपाटातली एक घेतली, बासष्ट तास विश्रांती घेऊन आलेली. वेष्टण कापलं, आतली गुंडाळी सोडली. हातभर लांब काळी पट्टी. स्वच्छ काळी, कडेला दोन-तीन पुसट डाग. मग चौथ्यातली, फुगलेल्यांपैकी.

ती उलगडताना पट्टी ठिकठिकाणी चिकटत होती. काळ्यावर राखाडी चट्टे होते, बोटभर रुंद, चंदेरी झाक असलेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मोज्यांमध्ये मास्तरांचे हात तसेच राहिले. मग त्यांनी ती पट्टी पुन्हा गुंडाळायचा प्रयत्न केला, पूर्वी होती तशी, घड्या जुळवून. ती जुळेना. तिची जाडी आता त्या वेष्टणात बसण्यासारखी नव्हती.

"गुरुवारी मॅडमकडे बैठक आहे," हात बाहेर काढून ते म्हणाले. "कोणता कागद न्यायचा ते मी बघतो."

बुधवारी दिवसभर मास्तर जुन्या लाकडी कपाटातून फायली काढून टेबलावर मांडत होते, वाचत होते, परत ठेवत होते. मी विचारलं, मदत करू का, तर म्हणाले, "नको. हे माझं आहे."

*

बैठकीला चौघेच होतो. मॅडम, विक्रीप्रमुख, मास्तर आणि मी. मास्तरांच्या हातात एकच लिफाफा होता. त्यात कोणता कागद आहे हे मला माहीत नव्हतं. तो त्यांनी मॅडमसमोर सरकवला. मॅडमनी वाचला, चष्मा काढला आणि विक्रीप्रमुखांकडे दिला. त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा मला कळलं.

"हे काय आहे?" विक्रीप्रमुख म्हणाले. "इथे स्पष्ट लिहिलंय, कपाट चुकून चालू राहिलं. ही चाचणी तुमच्याच नियमाप्रमाणे बाद ठरते ना, मास्तर?"

"ठरते."

"मग प्रश्न मिटला."

"या बारा बाद ठरतात," मास्तर म्हणाले. "पण त्या चौऱ्याऐंशीही बाद धरा. त्या जास्त बाद आहेत."

"म्हणजे?"

मास्तरांनी समजावून सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून. दारातली गर्दी, बासष्ट तास, सगळं. विक्रीप्रमुखांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मॅडमनी नाही पाहिलं. शेवटी मास्तर म्हणाले, "शनिवार-रविवारची माणसं कमी केलीत तेव्हा मला वाटलं होतं, चाचणीवर परिणाम होईल का ते बघावं. मी बघितलं. त्या वेळच्या बॅटऱ्यांवर होत नव्हता. तशी नोंदही आहे माझी. पण ही नवी बॅटरी आली तेव्हा पुन्हा बघायला हवं होतं. ते मी केलं नाही. सोमवारची उडी दर आठवड्याला माझ्या डोळ्यांसमोर होती. हिच्या हातून बटण राहिलं, म्हणून कळलं. नाहीतर मी सही करून मोकळा झालो असतो."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःची चूक अशी कोणासमोर मांडल्याचं मी ऐकलं नव्हतं. ती मांडायला त्यांना मीच भाग पाडलं होतं.

"फोन थांबवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "दुकानांना शब्द दिलाय. चार्जिंग हळू करता येईल?"

"सॉफ्टवेअरने येईल."

"किती मिनिटं केली तर सुरक्षित?" हे त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही, मॅडम."

"अंदाज?"

"सव्वीस. पण हा हिशोब आहे. मोजलेलं नाही."

विक्रीप्रमुख हसले. त्यात आनंद नव्हता. "सव्वीस. समोरच्यांचं पंचवीस. पार्किंग दिलं, आता हेही देऊन टाकू. मी काय विकू, सांगता का? एक मिनिट उशीर?"

मॅडमनी कागदावर सव्वीस लिहिलं, त्याभोवती गोल काढला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मजल्याचं मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतं."

*

मजला बंद होण्याचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. एकवीस दिवसांची मुदत होती. तिघे तंत्रज्ञ पत्र वाचून माझ्याकडे न बघता चहाला गेले. घुबड संध्याकाळी पत्र घ्यायला आला, वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, "दाढदुखीवाला फोटो तरी वाया गेला, ते बरं झालं." भावोजींची ती थट्टा मीच त्याला सांगितली होती. त्याच्या आईचं मी काही विचारू शकले नाही.

सव्वीस मिनिटं हा माझा आकडा होता आणि तो चाळीस हजार फोनांमध्ये जाणार होता. तो बरोबर आहे की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी मी एकटीच गेले. पहिल्या कपाटात बारा नव्या बॅटऱ्या जोडल्या. सव्वीस मिनिटं भरणं, चोपन्न मिनिटं रिकामं होणं, म्हणजे ऐंशी मिनिटांची एक फेरी. दिवसाला अठरा फेऱ्या, मधे एकही सुट्टी नाही. पाचशे व्हायला अठ्ठावीस दिवस. मुदतीत जास्तीत जास्त तीनशे अठ्ठ्याहत्तर.

मी बटणापाशी उभी होते, तेवढ्यात मास्तर आले. पाठोपाठ एक तंत्रज्ञ, हातात डबा घेऊन. "शनिवारची पाळी कोणाची?" तो चिडक्या आवाजात म्हणाला. "का सगळं हिनेच करायचं ठरवलंय?"

मास्तरांनी फळ्यावर सहा नावं लिहून एकवीस दिवसांच्या पाळ्या वाटल्या.

मधल्या काळात फोन बाजारात आला. पलीकडच्यांनी त्यांच्या इमारतीवर चार मजली फलक लावला, नेमका आमच्या खिडकीसमोर: 'आम्ही एक मिनिट आधी.' भावोजींचा निरोप आला, ती कल्पना त्यांची नाही. आमच्या फोनला दुकानांत फारसं कोणी हात लावत नव्हतं. ज्यांनी घेतला, त्यांच्या फोनचं काय होतंय याची मला रोज सकाळी धास्ती वाटायची. तक्रार आली नाही, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतही नसते.

एकवीस दिवस भरले त्या दिवशी यंत्रं हलवणारी माणसं ट्रक घेऊन आली. त्यांनी सात कपाटांच्या तारा काढल्या, कपाटं पट्ट्यांनी बांधली, ढकलत बाहेर नेली. मग त्यांचा मुकादम पहिल्याकडे आला. पडद्यावर तीनशे सत्त्याहत्तर होते आणि पुढची फेरी चालू होती.

"हे बंद करा, साहेब."

"बावीस मिनिटं राहिलीत," मास्तर म्हणाले.

"ट्रक खाली उभा आहे."

"उभा राहू दे. बावीस मिनिटं."

मुकादमाने मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरची पट्टी काढून खाली टाकली. "सकाळपासून बूड टेकलं नाही," असं म्हणत तो जमिनीवरच बसला आणि त्याची माणसंही बसली. मास्तर त्यांना समजावून सांगू लागले: आत काय आहे, फेरी म्हणजे काय. एकाने विचारलं, "मग हा फोन चांगला का?"

"आत्तापर्यंत जाडी पावणेचार टक्के आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणजे चांगला?"

"आत्तापर्यंत."

पडद्यावर आकडा बदलला. मी तारा सोडवल्या आणि बाराही बॅटऱ्या एकेक करून मोजल्या. सगळ्यात जाड निघाली ती तीन पूर्णांक नऊ दशांश टक्के. नोंदवहीत जाड्या लिहिल्या. 'एकूण फेऱ्या' या रकान्यात तीनशे अठ्ठ्याहत्तर लिहिलं आणि त्यापुढे 'पाचशेपैकी'. मास्तरांनी माझ्या सहीखाली सही केली. मग मुकादम उठला, आणि आम्ही दोघांनी कपाट दारापर्यंत ढकलायला त्याला हातभार लावला.